‘ग्रेंजर कायदे’ : नांव आणि प्रमाण

जॉर्ज मिलर यांचा ‘रेलरोड्स अँड द ग्रेंजर लॉज’ हा ग्रंथ विस्कॉन्सिन विद्यापीठानें १९७१ सालीं प्रसिद्ध केला. ग्रंथ अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील रेल्वेच्या भाड्यांविषयीं आहे. सबब त्याचें परीक्षण या त्रैमासिकांत कां, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येणें साहजिक आहे. त्याचें उत्तर इतकेंच कीं, वाद रेल्वेचा असला तरी वादाची पद्धति आपल्या परिचयाची आहे. एका नांवावरून इतिहास रचला गेला. तें नांव कोणाचें व केव्हांचें हें फारसें कोणीं तपासलें नाहीं. आणि मूळ कागद तारीखवार मांडतांच ती रचना डळमळूं लागली. रुमालावरील चिठ्ठी एक आणि आंतील कागद भलतेच, हा अनुभव ज्यांनीं घेतला आहे त्यांस हा विषय परका वाटणार नाहीं.

प्रथम रूढ कथा सांगतों. १८६७ च्या डिसेंबरांत वॉशिंग्टन येथें ऑलिव्हर हडसन केली या सरकारी कारकुनानें सहा सोबत्यांसह ‘पेट्रन्स ऑफ हज्बंड्री’ नांवाचा शेतकऱ्यांचा संघ स्थापिला. संघाच्या स्थानिक शाखेस ‘ग्रेंज’ म्हणत, म्हणून सभासद ते ‘ग्रेंजर’. कांहीं वर्षांतच हा संघ झपाट्यानें पसरला आणि १८७५ च्या सुमारास सभासदांची संख्या आठ लक्षांवर गेली. याच काळांत, १८७१ पासून १८७४ पर्यंत, इलिनॉय, आयोवा, विस्कॉन्सिन व मिनेसोटा या चार संस्थानांनीं रेल्वेच्या दरांस आळा घालणारे कायदे केले. ते ‘ग्रेंजर कायदे’. त्यांविरुद्ध लढविले गेलेले खटले ते ‘ग्रेंजर खटले’. आणि १ मार्च १८७७ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें कायद्यांच्या बाजूनें निकाल दिला, तो शेतकऱ्यांचा विजय. सोलन बक यांच्या १९१३ सालच्या ‘द ग्रेंजर मूव्हमेंट’ या ग्रंथानें ही कथा विद्वन्मान्य केली. बक हे पुढें संयुक्त संस्थानांच्या राष्ट्रीय दप्तरखान्याचे मुख्य झाले. कागदाची किंमत त्यांस ठाऊक नव्हती असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु संघाबाहेरील शेतकरी-मंडळ्या आणि पक्ष हेही त्यांनीं त्याच एका नांवाखालीं घेतले, आणि तेथेंच नांवाची व्याप्ति सैल झाली.

मिलर यांचा पहिला आक्षेप तारखांचा आहे. इलिनॉयच्या ज्या राज्यघटनेनें विधिमंडळास रेल्वे व धान्यकोठारें यांवर नियंत्रण घालण्याची आज्ञा केली ती १८७० ची, आणि पहिले कायदे १८७१ चे. त्या वेळीं त्या संस्थानांत संघाच्या शाखा अगदीं थोड्या होत्या. जो संघ अद्याप वाढलाच नव्हता त्याच्या दडपणानें कायदा झाला असें म्हणणें म्हणजे नातवाच्या हातून आजोबांचें बारसें करविणें होय. मग मागणी कोणाची? कोठारांच्या बाबतींत ती मुख्यतः शिकागोच्या ‘बोर्ड ऑफ ट्रेड’ची, म्हणजे धान्याच्या व्यापाऱ्यांची, शेतकऱ्यांचा सूर तींत मिसळला, इतकेंच.

रेल्वेचें गाऱ्हाणें समजण्यास एक उदाहरण पुरें आहे. वाबॅश कंपनी इलिनॉयमधील गिलमन गांवाहून न्यूयॉर्कपर्यंत दर शंभर पौंडांस २५ सेंट घेई, आणि त्याहून ८६ मैल दूर असलेल्या पिओरियाहून केवळ १५. जेथें दुसरी कंपनी स्पर्धेस उभी तेथें दर पडे. जेथें एकच मार्ग तेथें चढे. या विषमतेनें शेतकरी नाडला गेला हें खरें, परंतु ज्याच्या पेठेला वळसा घालून माल परस्पर पुढें जाऊं लागला तो व्यापारीही नाडला गेला. आयोवांतील मिसिसिपीकांठच्या गांवांची हीच स्थिति होती. तेथील कायद्यामागें नदीकांठच्या व्यापाऱ्यांचा हात होता, हें मिलर यांनीं विधिमंडळांतील मतदानावरून दाखविलें आहे. त्यांत संघाच्या १८७४ सालच्या सेंट लुई येथील जाहीरनाम्याची भर घालावी: संघ या नात्यानें पक्षीय राजकारणांत पडावयाचें नाहीं असें त्यांत स्पष्ट म्हटलें आहे.

येथपर्यंत आम्ही मिलर यांच्याशीं सहमत आहों. शब्दशास्त्राच्या भाषेंत सांगावयाचें तर ‘ग्रेंजर कायदा’ हा शब्द केवळ रूढ आहे. त्यास यौगिक समजून अवयवार्थावरून कर्ता काढण्यांत चूक झाली. पूर्वेकडील नियतकालिकांनीं व रेल्वेच्या कैवाऱ्यांनीं हें नांव सर्वतोमुखी केलें, आणि त्यांत अडाणी खेडुतांचा धुडगूस असा ध्वनि होता. प्रतिपक्षानें दिलेलें नांव टिकतें याचा दाखला आमच्याकडेही आहे. अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्यावर कापसाचा भाव उतरला, त्याची झळ दक्षिणेंतील शेतकऱ्यासही लागली. पुढें १८७५ सालीं सुपें व आसपासच्या गांवीं सावकारांचीं खतें जाळलीं गेलीं, त्यास सरकारी चौकशीनें ‘दंगे’ म्हटलें आणि तेंच इतिहासांत राहिलें.

परंतु मिलर यांचें अनुमान सिद्धीहून पुढें धांवतें. तारखेचा आक्षेप इलिनॉयपुरता बिनतोड आहे. आयोवांत तो लागू पडत नाहीं, कारण १८७४ सालीं तेथें संघ भरभराटींत होता. तेथें सर्व भार मतदानाच्या आंकड्यांवर पडतो. विधिमंडळाचें मतदान मतदारसंघवार होतें. अर्थात् त्यांतून प्रदेशाचा हितसंबंधच डोळ्यांत भरावयाचा. एकाच परगण्यांतील पेठेचा व्यापारी आणि शिवारांतला शेतकरी यांचा भेद त्या चाळणींतून गळून जातो. शिवाय व्यापारी मंडळांचे अहवाल वर्षानुवर्षें छापले गेले व टिकले. शाळागृहांत भरलेल्या शेतकऱ्यांच्या सभांचें टिपण सारखेंच टिकेल ही अपेक्षा करणें व्यर्थ आहे. हें न्यून ग्रंथकारानें निदान मान्य करावयास हवें होतें.

आणि १८७३ सालच्या वृत्ताचें काय? त्या वर्षाच्या आरंभीं इलिनॉयच्या वरिष्ठ न्यायालयानें शिकागो अँड अल्टन कंपनीच्या खटल्यांत १८७१ चा दर-कायदा घटनाविरुद्ध ठरविला. निकाल लिहिणारे मुख्य न्यायाधीश चार्ल्स लॉरेन्स हे जूनमध्यें फेरनिवडणुकीस उभे राहिले, आणि शेतकऱ्यांनीं पुढें केलेल्या आल्फ्रेड क्रेग यांनीं त्यांस पाडलें. एप्रिलांतच शेतकरी स्प्रिंगफील्ड येथें जमले होते, आणि दुरुस्त कायदा मे महिन्यांत पसार झाला. न्यायाधीशास केवळ निकालापायीं पाडावें हें आम्हांस रुचत नाहीं, तें अलाहिदा. परंतु कायद्याचा जनक शेतकरी नसेल, तरी मरणोन्मुख कायद्यास जगविणारा तोच होता. जनक आणि पालक हे भिन्न असूं शकतात, आणि मिलर पालकाचा हक्क फार थोडक्यांत वारतात.

आतां या प्रकरणांतील जो भाग पोथ्या जमविणाऱ्यांस सर्वाधिक रुचेल तो. १८७७ च्या निकालांतील मुख्य खटला ‘मन विरुद्ध इलिनॉय’ हा रेल्वेचा नव्हेच. तो मन व स्कॉट या शिकागोच्या कोठारवाल्यांचा. परवान्यावांचून कोठार चालविल्याबद्दल त्यांस १०० डॉलर दंड झाला होता. त्यांची पेढी तर १८७२ सालींच बुडाली. रेल्वेचे खटले त्याच दिवशीं त्याच न्यायानें सुटले. खाजगी मालमत्तेचे दर सरकारनें ठरवावे कोणत्या आधारें? मुख्य न्यायाधीश वेट यांनीं आधार घेतला तो सतराव्या शतकांतील इंग्रज न्यायाधीश सर मॅथ्यू हेल यांच्या बंदरांविषयींच्या निबंधाचा. बंदरांत एकच धक्का असेल तर धक्क्याच्या मालकास मन मानेल तें भाडें घेतां येत नाहीं, कारण ती मालमत्ता लोकांच्या हिताशीं जडलेली आहे, असा त्याचा भावार्थ. हेल १६७६ त वारले. निबंध हस्तलिखितांतच राहिला, आणि फ्रान्सिस हारग्रेव्ह यांनीं तो १७८७ सालीं, म्हणजे १११ वर्षांनीं, छापला. १८१० सालीं लंडनच्या गोदींतील मद्याच्या वखारींच्या खटल्यांत तो उपयोगास आला, आणि तेथून शिकागोच्या कोठारांपर्यंत पोंचला. हारग्रेव्ह यांनीं तें बाड छापलें नसतें तर निकाल कोणत्या शब्दांत लिहिला गेला असता कोण जाणे!

तो आधार वेट यांस कोणीं सुचविला, हें चार्ल्स फेअरमन यांनीं १९५३ सालीं स्टॅनफर्डच्या कायदेविषयक नियतकालिकांत उलगडलें. न्यू जर्सी हिस्टॉरिकल सोसायटीच्या संग्रहांतील न्यायमूर्ति जोसेफ ब्रॅडली यांच्या कागदांत या खटल्यांविषयींची त्यांची टांचणें सांपडलीं, आणि त्यांत हेलचें वचन होतें. फेअरमन यांनीं मथळ्यांतच ‘तथाकथित ग्रेंजर खटले’ असें म्हटलें आहे; म्हणजे मिलर यांच्या अठरा वर्षें आधीं नांवाविषयीं शंका उघड घेतली गेली होती. हेलचें वचन राजाच्या परवान्यानें चालणाऱ्या मालमत्तेविषयीं आहे, तें प्रकरण सोडून अन्यत्र लावूं नये, ही न्यायमूर्ति फील्ड यांच्या भिन्नमताची दिशा. आणि प्रकरणानें वाक्याचा अर्थ बांधला जातो हें मीमांसा शिकलेला कोणीही नाकारणार नाहीं. मिलर यांनीं दर-नियंत्रणाचें मूळ जुन्या इंग्रजी कायद्यांत दाखविलें, तो त्यांच्या ग्रंथाचा उत्तम भाग आहे.

पुढील वृत्त थोडक्यांत. विस्कॉन्सिनचा कडक पॉटर कायदा १८७६ त आणि आयोवाचा १८७८ त रद्द झाला. १८८६ सालीं वाबॅशच्या खटल्यांत आंतरसंस्थानिक वाहतूक संस्थानांच्या अधिकाराबाहेर ठरली. म्हणून १८८७ सालीं मध्यवर्ती कायदा होऊन आयोग बसला, जो १९९५ अखेर मोडला. १८९२ सालीं ओमाहा येथें जमलेल्या पीपल्स पार्टीस नियंत्रण पुरेसें वाटेना. तिनें रेल्वे सरकारच्या मालकीची करावी अशी मागणी केली. ही मागणी मात्र निःसंशय शेतकऱ्यांच्या चळवळींतून आली, आणि तीस ‘ग्रेंजर’ हें नांव कोणीं दिलें नाहीं.

मराठींत या विषयावर लिहिणारांनीं ‘शेतकऱ्यांचे रेल्वे-कायदे’ असें भाषांतर करूं नये, अशी आमची सूचना आहे. ‘१८७१ ते १८७४ चे दर-कायदे’ असें लिहावें, आणि १८७३ च्या निवडणुकीची हकीकत शेतकऱ्यांच्या नांवें स्वतंत्र नोंदावी.