तारीख विचारणारे ॲप आणि तिथी सांगणारी आजी

एका पौषात आम्ही आमच्या मावशीला घेऊन नाशिकच्या एका दवाखान्यात गेलो होतो. मावशीचे वय ७८. शाळा दुसरीपर्यंत, पुढचे सारे शिक्षण शेतात आणि चुलीपाशी. तक्रार गुडघ्याची होती. डॉक्टर तरुण होते, बोलायला मायाळू होते. "आजी, आता आलाच आहात तर सगळीच तपासणी करून टाकू," असे म्हणून त्यांनी मोबाईल उघडला आणि पडद्यावरचे प्रश्न वाचायला सुरुवात केली.

"आजी, आज तारीख काय?"

"तारीख नाही सांगता यायची. आज वद्य दशमी. उद्या त्र्यंबकला निवृत्तिनाथांची यात्रा."

पडद्यावर दोनच चौकोन होते, 'बरोबर' आणि 'चूक'. डॉक्टर क्षणभर थांबले आणि त्यांनी दुसऱ्यावर बोट ठेवले. आणखी काही प्रश्न झाले. शेवटी ॲपने निकाल दिला: बौद्धिक क्षमतेची पुढील तपासणी आवश्यक. परत येताना मावशीने विचारले, "माझं डोकं गेलं, असं लिहिलं का त्यांनी?"

ते ॲप कोणाचे होते, हे येथे महत्त्वाचे नाही. डॉक्टरांनाही आम्ही दोष देत नाही. एका रुग्णामागे त्यांच्याकडे चार-पाच मिनिटे असतात. प्रश्न साधनाच्या रचनेचा आहे. वृद्धांच्या तपासणीसाठी डॉक्टरांच्या हाती देण्याची अशी साधने आता झपाट्याने येत आहेत. विज्ञान शिकवणाऱ्यांनी आणि शिकणाऱ्यांनी ती पारखून घेतली पाहिजेत. एखादे मोजमाप नेमके काय मोजते, हा प्रश्न अखेर आपल्याच वर्गातला आहे.

या जातीचे सर्वांना ठाऊक असलेले साधन म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचे 'आयकोप'. त्याची पुस्तिका आणि मोबाईल ॲप २०१९ साली आले. त्यामागचा विचार उत्तम आहे. वृद्धाला कोणता रोग आहे हे विचारण्याआधी त्याला काय काय करता येते ते पाहावे, असे ते सांगते. त्यासाठी सहा गोष्टी तपासायच्या: स्मरण व भान, हालचाल, पोषण, दृष्टी, श्रवण आणि मनाची उभारी. चाळणी अगदी साधी आहे. तीन शब्द लक्षात ठेवायला सांगायचे. आजची पूर्ण तारीख आणि आपण कोठे आहोत ते विचारायचे. हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठायला लावायचे. त्याला १४ सेकंदांहून अधिक वेळ लागू नये. गेल्या तीन महिन्यांत नकळत तीन किलोंहून अधिक वजन घटले का, भूक मंदावली का, हे विचारायचे. यंत्रसामग्री जवळजवळ नाहीच. ही केवळ चाळणी आहे, निदान नव्हे, हेही त्यात स्पष्ट आहे. छोट्या गावातल्या डॉक्टरला याहून सुटसुटीत काही देणे कठीण. एवढे श्रेय देऊनच पुढे जाऊ.

आमचा आक्षेप असा: चाळणीची भोके कोणत्या धान्यासाठी पाडली आहेत, हे चाळणाऱ्याला कळले पाहिजे.

पहिले उदाहरण तारखेचे. मावशीचे उत्तर स्मरणशक्तीच्या दृष्टीने तारखेहून सोपे नव्हते. इंग्रजी तारीख रोज एकाने वाढते. तिथीचा कधी क्षय होतो, कधी वृद्धी होते. तिचा हिशेब ठेवणाऱ्याला काळाचे भान अधिकच लागते. प्रश्न काळाच्या भानाचा होता आणि ते भान मावशीला पुरेपूर होते. ॲपने मोजले ते भिंतीवरच्या कॅलेंडरचे वाचन. २०११च्या जनगणनेत साठीपुढील स्त्रियांपैकी साक्षर सुमारे २८ टक्केच होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे ही चूक किती जणींच्या वाट्याला येऊ शकते ते कळते.

ही अडचण नवी नाही, आणि तिच्यावरचा उपायही आपल्याच देशात शोधला गेला आहे. स्मृतिभ्रंशाची प्राथमिक पारख करण्यासाठी अमेरिकेत १९७५ साली ३० गुणांची एक चाचणी तयार झाली आणि जगभर पसरली. तीत १०० मधून सात-सात वजा करा, वाक्य लिहा, कागदावरची सूचना वाचून तसे करा, असे प्रश्न होते. हरियाणातील बल्लभगड येथे निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी तिचे हिंदी रूप करताना संशोधकांनी केवळ भाषांतर केले नाही. वजाबाकी २० मधून तीन-तीनची केली. लिहिण्याऐवजी घराविषयी काही सांगायला लावले. 'डोळे मिटा' हे वाचायला देण्याऐवजी 'मी करतो तसे करा' असे सांगून स्वतः डोळे मिटून दाखवले. हे काम १९९५ साली प्रसिद्ध झाले. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये पंचेचाळिशीपुढच्या ७२ हजारांहून अधिक लोकांची देशव्यापी पाहणी केली, तिला जोडून झालेल्या अभ्यासातही याच चाचणीचा आधार घेतला गेला. शब्द बदलले की भाषांतर होते. येथे प्रश्नाचा हेतू कायम ठेवून प्रश्नच बदलला. ॲप तयार करणारे बहुधा पहिल्यावरच थांबतात.

दुसरे उदाहरण श्रवणाचे. आयकोपमध्ये कानाची साधी चाचणी कुजबुजीची आहे. रुग्णाच्या मागे, हात लांब केल्यावर जेवढे होईल तेवढ्या अंतरावर उभे राहून चार शब्द कुजबुजायचे आणि ते त्याला पुन्हा म्हणायला लावायचे. आता, वयोमानाने येणाऱ्या बहिरेपणात आधी वरच्या पट्टीचे, म्हणजे अधिक कंप्रतेचे, ध्वनी ऐकू येईनासे होतात. स, श, फ यांसारख्या व्यंजनांची ऊर्जा मुख्यतः तेथेच असते. डॉक्टरांनी 'मामा, लोणी, आई, माळ' हे शब्द निवडले तर अधू कानही उत्तीर्ण होईल. 'साखर, शिसे, ससा, फास' निवडले तर तोच कान नापास होईल. म्हणजे शब्दांची यादी हाच येथे तराजू आहे आणि तो मराठीच्या ध्वनींवरून तोलून घ्यावा लागेल. इंग्रजी यादीचे अर्थ मराठीत आणून तो मिळणार नाही.

तिसरे उदाहरण खुर्चीचे. १४ सेकंदांत पाच उठाबशा म्हणजे दर खेपेला २.८ सेकंद. बैठक जितकी खाली तितके गुडघे अधिक वाकतात आणि मांडीच्या स्नायूंवर ताण वाढतो. ४० सेंटिमीटर उंचीची प्लॅस्टिकची खुर्ची आणि ५० सेंटिमीटर उंचीचे तपासणीचे स्टूल यांवर एकाच बाईचे दोन वेगळे निकाल येतील. शिवाय जी बाई जन्मभर जमिनीवर बसली आणि हाताचा टेका देऊन उठली, तिला हात छातीशी धरून उठणे ही एक नवी कसरत वाटते. ॲपमध्ये सेकंद मोजण्याची सोय असते. बैठकीची उंची नोंदण्याचा रकाना आणि आधी एकदा सराव करून घेण्याची सूचना यांचीही तितकीच गरज आहे.

एवढ्या बारीकसारीक गोष्टींनी काय बिघडते, असे कोणी विचारील. हिशेब करून पाहू. वर सांगितलेल्या पाहणीला जोडून झालेल्या अभ्यासाचा २०२३ साली प्रसिद्ध झालेला अंदाज असा की, भारतात साठीपुढील दर हजारी सुमारे ७४ जणांना स्मृतिभ्रंश असावा. समजा, एखादी चाचणी खऱ्या रुग्णांपैकी ८० टक्के ओळखते आणि निरोगी माणसांपैकी ८० टक्क्यांना निरोगी ठरवते. तर हजार जणांत ५९ रुग्ण सापडतील. पण उरलेल्या ९२६ पैकी १८५ जणांवरही शिक्का बसेल. शिक्का बसलेल्या २४४ जणांपैकी खरे रुग्ण साधारण चारांत एक. आता प्रश्न माणसाला न जुळल्यामुळे निरोगी ओळखण्याचे प्रमाण ६० टक्क्यांवर आले असे धरा. खोटे शिक्के ३७० होतील आणि खरे रुग्ण सातांत एक एवढेच उरतील. हे दोन टक्के आम्ही उदाहरणापुरते घेतले आहेत, बदलून पाहावेत. नववी-दहावीच्या वर्गात फळ्यावर करून दाखवण्याजोगे हे गणित आहे.

या जादा १८५ आकड्यांत एकेक मावशी आहे. घरात 'आता त्यांना काही कळत नाही' असे एकदा ठरले की किल्ल्या जातात, बँकेतली सही जाते, लग्नकार्यातला सल्लाही जातो. उलट बाजूही विसरू नये. शिकलेले, बोलके आजोबा तारीख बिनचूक सांगून चाळणीतून निसटतात आणि खरे दुखणे दोन वर्षे मागे पडते.

मग हवे कसे? आमच्या मते तीन गोष्टी आधी कराव्यात. 'बरोबर' आणि 'चूक' यांच्या जोडीला 'वेगळ्या रीतीने सांगितले' हा तिसरा चौकोन असावा आणि मिळालेले उत्तर शब्दशः लिहिण्यास जागा असावी. दुसरे, रुग्णाची तुलना दूरच्या सरासरीशी करण्याबरोबरच तिच्या स्वतःच्या मागच्या वर्षीच्या नोंदीशी करावी; मोबाईलची स्मृती याच कामाला खरी उपयोगी आहे. तिसरे, घरच्या माणसाला विचारावे. आशाताई गावोगावी जी तपासणी यादी भरतात, तीत साठीपुढील माणसांसाठी 'जवळच्यांची नावे किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का' असा प्रश्न आहे. साधाच आहे, पण त्याला शाळा लागत नाही.

अशी साधने घडू शकतात, याचे उदाहरण नाशिकच्याच एका सुपुत्राने दिले आहे. रमेश रासकर यांच्या अमेरिकेतील गटाने २०१० साली मोबाईलवर बसवायचे 'नेत्रा' हे भिंग-उपकरण दाखवले. त्यात पाहणाऱ्याने रेषा एकमेकींवर जुळवायच्या आणि त्यावरून चष्म्याचा नंबर निघतो. अक्षर एकही वाचावे लागत नाही. रचनाकाराने आधी पाहणाऱ्याचा विचार केला, मग पडद्याचा.

नाशिकमध्ये १९९८ पासून महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, अभियांत्रिकीची महाविद्यालये आहेत आणि २०१५च्या सिंहस्थाच्या निमित्ताने 'कुंभथॉन'मधून प्रत्यक्ष प्रश्नांवर काम केलेले तरुणही आहेत. त्यांनी संगणकापुढे बसण्याआधी आठवडाभर एखाद्या ग्रामीण रुग्णालयाच्या बाकावर बसावे.

शिक्षकांनीही एक प्रयोग करून पाहावा. विद्यार्थ्यांनी घरच्या आजी-आजोबांना 'आज कोणता दिवस' एवढेच विचारावे आणि उत्तर जसेच्या तसे वहीत लिहून आणावे. त्यावर खूण मात्र करू नये. किती उत्तरे तारखेची, किती वाराची, किती तिथीची, किती बाजाराच्या दिवसाची, हे वर्गात मोजावे. मोजण्याआधी ऐकावे लागते, हा धडा त्यातून आपोआप मिळेल.