जखम खरी, पत्र खोटे

माहितीयुद्ध हा शब्द राज्यशास्त्राच्या वर्गात हल्ली फार ऐकू येतो. दोन महासत्ता, त्यांची हेरखाती, त्यांनी उठवलेल्या अफवा अशी त्याची मांडणी असते. ज्यांच्या दुःखाचे भांडवल करून अफवा उठवली जाते, ती माणसे या मांडणीत कुठेच नसतात. मीही काही वर्षे असेच शिकवले, हे कबूल केले पाहिजे.

जुलै १९८३ मध्ये दिल्लीच्या 'पेट्रियट' या दैनिकात एक निनावी पत्र छापून आले. लिहिणारा म्हणे अमेरिकन शास्त्रज्ञ. एड्सचा रोग फोर्ट डेट्रिकच्या लष्करी प्रयोगशाळेत तयार झाला, असा त्याचा आरोप. ऑक्टोबर १९८५ मध्ये सोव्हिएत 'लितेरातुर्नाया गझेता'ने या पत्राचाच हवाला देऊन तो पुन्हा केला. दिल्लीत पेरायचे आणि मॉस्कोत कापायचे! पुढे पूर्व जर्मनीच्या याकोब सेगाल या जीवशास्त्रज्ञाने त्यावर विज्ञानाचा अंगरखा चढवला आणि थाप आफ्रिकेभर फिरली. १९९२ मध्ये रशियन हेरखात्याचे प्रमुख प्रिमाकोव्ह यांनी यामागे केजीबी होती हे मान्य केले. माझे वडील निरक्षर; छापले ते खरे, अशी त्यांची श्रद्धा. केजीबीचा भरवसा याच श्रद्धेवर होता.

पण अमेरिकेतल्या काळ्या माणसाला ही थाप खरी का वाटावी? अडाणी म्हणून? हे उत्तर आपल्या चांगले ओळखीचे आहे. दवाखान्यात आपल्या माणसाला ताटकळत ठेवून 'या लोकांचा डॉक्टरवर विश्वासच नाही' म्हणणारे मी पाहिले आहेत. अलाबामातील टस्कीगी येथे १९३२ ते १९७२, तब्बल चाळीस वर्षे, सरकारी आरोग्य खात्याने गरमीने आजारी असलेल्या सुमारे ४०० काळ्या पुरुषांना उपचाराविना ठेवून रोग कसा वाढतो ते पाहिले. पेनिसिलिन उपलब्ध झाले तरी दिले नाही. मुंबईत काळ्यांच्या चळवळीवरून नाव घेऊन दलित पँथर उभी राहिली, त्याच १९७२ साली हे उघडकीस आले. केजीबीला जखम करावी लागली नाही. ती अमेरिकेनेच करून ठेवली होती.

१९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकपूर्वी आशिया-आफ्रिकेतील ऑलिंपिक समित्यांना कू क्लक्स क्लानच्या नावाने धमकीपत्रे गेली. तीही केजीबीचीच. क्लान खरी, तिने घेतलेले बळी खरे. पत्रे तेवढी खोटी.

मग यात शोषितांचा कैवार कुठे आहे? २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोगार्ट आणि थॉर्बर्न यांच्या अभ्यासात, एड्स मुद्दाम पसरवला असे मानणारे काळे पुरुष निरोध कमी वापरतात असे आढळले. हा संशय सगळा केजीबीने शिकवला असे नव्हे. पण तो वाढवणाऱ्यांनी किंमत मोजली नाही. मोजली ती काळ्यांनी.

दुसरी बाजूही लपवू नये. डिसेंबर १९५२ मध्ये ब्राऊन खटल्यात अमेरिकन सरकारनेच न्यायालयाला सांगितले, की वंशभेदामुळे कम्युनिस्ट प्रचाराला खाद्य मिळते. १९५४ मध्ये गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरल्या. मेरी डुडझियाक यांनी 'कोल्ड वॉर सिव्हिल राइट्स' (२०००) या ग्रंथात हा धागा उलगडला आहे, तो आपल्या अभ्यासकांनी वाचावा. मात्र खटला लढले ते काळे पालक आणि त्यांचे वकील, ना वॉशिंग्टन ना मॉस्को.

आणि १९५७ मध्ये लिटल रॉकच्या शाळेत नऊ काळ्या मुलांना शिरू दिले नाही, तेव्हा सरकारतर्फे सोव्हिएत दौऱ्यावर वाजवायला निघालेल्या लुई आर्मस्ट्राँगने जायचे नाकारले.