डॉसकी : उशिरा आलेली सोय

समजा, डॉसमध्ये चाळीस अक्षरांची आज्ञा टाइप केली आणि शेवटी ध्यानात आले की, तिसरेच अक्षर चुकले आहे. डावा बाण दाबावा, तर कर्सर अक्षरे पुसतच मागे येई! एफ-१ ने आधीच्या आज्ञेतील एकेक अक्षर आणि एफ-३ ने उरलेली सर्व ओळ परत आणता येई. युक्ती चांगली, पण फक्त शेवटच्या आज्ञेपुरती. शिवाय ती कुणी सांगितली तर.

डॉस १९८१ चे. डॉसकी आली १९९१ मध्ये, ५.० या आवृत्तीबरोबर. आता बाणांनी ओळीत हिंडता येई, वरच्या बाणाने जुन्या आज्ञा परत येत, एफ-७ ने त्यांची यादी दिसे. तरीही ती आपोआप सुरू होत नसे. ऑटोएक्झेक फाइलीत तिचे नाव घालावे लागे. स्मृती वाचवायला, असे समर्थन करता येईल. ते मला पटत नाही. ६४० किलोबाइटपैकी तिला सुमारे चार लागत. सर्वांत जास्त चुका नवशिक्याच्या, आणि सोय मात्र जाणकारालाच!

दुसरी उणीव शिक्षकाला अधिक जाणवे. विद्यार्थी कुठे अडखळला, हे त्या यादीत कच्च्या वहीसारखे दिसे. युनिक्सवरील बॅश अशी यादी फाइलीत जपून ठेवते. डॉसकीची यादी संगणक बंद केला की पुसली जाई.