थप्पीखालच्या विटा

पाळी सुटल्यावर एका सोबत्याला फोटो दाखवला. जमिनीवर १२० विटा. दोन थर, एका थरात ६०. एका बाजूनं सहा, दुसऱ्या बाजूनं दहा. सिमेंट नाही, चुना नाही. सोबती म्हणाला, "ही तर थप्पी मारलीय. बांधकाम कुठंय?"

मित्रांनो, हे शिल्प आहे. नाव 'इक्विव्हॅलंट आठ', म्हणजे समतुल्य. लंडनच्या टेट गॅलरीनं १९७२ साली विकत घेतलं. १९७६ ला तिथल्या पेपरांनी बोंब मारली, जनतेच्या पैशानं विटा आणल्या म्हणून. शिल्पकार कार्ल आंद्रे. अमेरिकेतल्या क्विन्सीचा, जन्म १९३५. जानेवारी २०२४ मध्ये वारला.

पेपरवाले हसले, माझा सोबतीही हसला. पण दोघांचं हसणं एक नव्हे. पेपरवाल्यांचा राग असा की वीट गॅलरीत शिरलीच कशी. सोबत्याचा सवाल वेगळा. थप्पी मारणारा मजूर, मग हा कलावंत का? हा सवाल मला मोलाचा वाटतो.

आंद्रे १९६० ते ६४ पेनसिल्व्हेनिया रेल्वेत ब्रेकमन होता. मालडबे जोडायचे, सोडायचे. डब्यामागं डबा; एक काढा, दुसरा लावा. त्या कामातून त्याला शिल्प सापडलं. आधी तो लाकूड कोरायचा, ते त्यानं टाकून दिलं. चौथरा टाकला. शिल्प जमिनीवर आणलं. पुढं धातूचे चौकोनी पत्रे फरशीवर मांडले आणि लोकांना सांगितलं, चाला यावरून. मान वर करून नाही, पायानं बघायचं शिल्प! तो कविताही करायचा, टाइपरायटरवर शब्द विटांसारखे मांडून. कोरून काढलेलं तेवढंच सुंदर, हे प्रस्थापित सौंदर्यशास्त्र त्यानं मोडलं. हे त्याचं देणं मी मानतो.

१९६६ ला न्यूयॉर्कमध्ये त्यानं अशी आठ शिल्पं मांडली. प्रत्येकात १२० विटा. आकार वेगळा, माल तेवढाच. त्यातलं हे आठवं विकलं गेलं नाही, तेव्हा विटा परत दिल्या. पुढं पुन्हा करायला गेला तर तो विटांचा कारखानाच बंद पडलेला. दुसऱ्या विटा घ्याव्या लागल्या. कारखाना बंद पडला, हे कलेच्या पुस्तकात एका ओळीत संपतं. गिरणीतल्या माणसाची नजर त्या ओळीवरून हलत नाही.

आता समतुल्य या शब्दाकडं येऊ. मी फोटोवरून हिशेब केला. वरच्या थरातल्या ६० विटा दिसतात. खालच्या थरात कडेच्या २८ विटांची एखादी बाजू दिसते. मधल्या ३२ कुणालाच दिसत नाहीत. वजन मात्र त्याच वाहतात. सगळ्या विटा सारख्या, पण सगळ्यांची जागा सारखी नाही. ही गोष्ट आपल्याला कुणी शिकवायला नको.

आणि अशीच झाकलेली एक बाई या गोष्टीत आहे.

ॲना मेंडिएटा. जन्म हवाना, १९४८. बाराव्या वर्षी आईबापांशिवाय क्यूबातून अमेरिकेत पाठवली गेली. मोठेपणी चिखलात, गवतात, वाळूत आपल्याच देहाचा ठसा उमटवायची. तिलाही चौथरा नको होता. जानेवारी १९८५ मध्ये तिनं आंद्रेशी लग्न केलं. ८ सप्टेंबर १९८५ ला न्यूयॉर्कमधल्या त्याच्या घरातून, ३४व्या मजल्यावरून ती खाली पडली नि मेली. वय ३६. खुनाचा खटला एकट्या न्यायाधीशापुढं चालला. १९८८ ला आंद्रे निर्दोष सुटला. निकाल तो निकाल, मी तो खोडत नाही.

पण १९९२ ला गुगेनहाइम संग्रहालयाच्या नव्या शाखेत त्याचं काम मांडलं, तेव्हा बाहेर बाया जमल्या. ॲना कुठंय, हा त्यांचा सवाल होता. कलेतली बडी मंडळी म्हणतात, कलाकृती वेगळी, माणूस वेगळा. ठीक. मग रेल्वेतली चार वर्षं तुम्ही त्याच्या शिल्पाच्या हिशेबात कशी धरता? तो जन्मभर कामगाराचा निळा डगला घालून हिंडला, तो हिशेबात कसा? १९६९ ला कलाकामगारांच्या आघाडीत उभा राहिला, ते कसं? जगणं मोजायचंच असेल तर सगळं मोजा. रेल्वेचं यार्ड मोजा आणि ३४वा मजलाही मोजा. सोयीचं तेवढं जगणं उचलणारी समीक्षा मला नको. आपल्यातल्या कवींबद्दलसुद्धा नको. बाहेर क्रांती नि घरात मारझोड, हे आपण पुष्कळ झाकलंय.

सोबत्याला माझं उत्तर असं: होय, थप्पीच आहे. थप्पीकडं नीट बघायला त्यानं शिकवलं म्हणून तो कलावंत. आणि तेच शिकून आपण त्याची थप्पी उचलून बघायची.

पुढच्या अंकासाठी ॲनाच्या कामावर कुणीतरी लिहा. बाईनं लिहिलं तर बरं. कुणीच लिहिलं नाही तर मी लिहीन, पण उशीर होईल. हा महिना माझी रात्रपाळी आहे.