‘ओव्हरसाइट’ : देखरेख कीं नजरचूक?

परभाषेंतील शब्दाची खरी परीक्षा कोशांत होत नाहीं. ती भाषांतराच्या वेळीं होते. इंग्रजींतील ‘ओव्हरसाइट’ हा सामासिक शब्द याचा उत्तम मासला होय. ‘ओव्हर’ म्हणजे वर आणि ‘साइट’ म्हणजे दृष्टि, हें नवशिक्या विद्यार्थ्यासही ठाऊक असतें. पण त्यांच्या संयोगानें सिद्ध झालेल्या शब्दाचा एक अर्थ देखरेख, तर दुसरा नजरचूक! अमेरिकेची काँग्रेस सरकारी खात्यांच्या कारभारावर जी देखरेख ठेवते तीही ‘ओव्हरसाइट’, आणि कारकुनाच्या हातून हिशेबांतील एखादी रक्कम राहून गेली तर तीही ‘ओव्हरसाइट’च.

या विरोधाचें बीज समासाच्या घटनेंतच आहे. दृष्टि वरून खालीं लावली म्हणजे देखरेख होते. तीच वस्तूच्या वरून पलीकडे निसटली म्हणजे नजरचूक होते. ‘ओव्हरसी’ या क्रियापदानें देखरेखीचाच अर्थ धरून ठेवला. इंग्लंडांत १६०१ च्या कायद्यान्वयें गरिबांच्या तरतुदीसाठीं ‘ओव्हरसियर’ नेमले जात. आपल्याकडे हा शब्द बांधकाम खात्याबरोबर येऊन रुळला. ‘ओव्हरलुक’ मात्र बहुरूपी राहिला. टेकडीवरचा बंगला दरीला ‘ओव्हरलुक’ करतो, उदार गुरु शिष्याचा दोष ‘ओव्हरलुक’ करतो, आणि शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ मध्यें पोर्शिया हा शब्द चक्क दृष्ट लागण्याच्या अर्थानें योजते.

मराठी वाचकास याचें फारसें नवल वाटूं नये. आपली ‘नजर’ही ठेवली जाते, लागते आणि चुकते. भेद इतकाच कीं, मराठी प्रत्येक अर्थाला निराळें क्रियापद देते. इंग्रजी नाम सारा भार संदर्भावर टाकतें. म्हणूनच ‘समितीची ओव्हरसाइट’ असें जसेंच्या तसें उचलून लिहिणाऱ्या लेखकांविषयीं आमची तक्रार आहे. समिती जागी होती कीं झोपली होती, हें त्यावरून वाचकास कसें कळावें?

यांत केवळ शब्दलालित्याचा प्रश्न नाहीं. ‘नजरचूक’ क्षम्य असते, ‘हयगय’ दंडार्ह असते, आणि ‘कानाडोळा’ तर बुद्धिपुरस्सर असतो. इंग्रजी अहवालांतील एका गुळगुळीत शब्दाआड हे तिन्ही दोष सुखानें लपूं शकतात. भाषांतरकारास मात्र त्यांतून एक निवडावाच लागतो, आणि तसें करतांना मूळ पुरावा तपासावा लागतो. हें कष्ट टाळून इंग्रजी शब्दाचा आश्रय घेणें ही आमच्या मतें नजरचूक नव्हे, कानाडोळाच होय.