कार्ल्याचे चैत्यगृह : सममिती आणि अवधान

कार्ले येथील चैत्यगृहाविषयी लिहिताना त्याच्या प्रमाणबद्धतेची प्रशंसा करून थांबण्याचा प्रघात आहे. ही प्रशंसा अयोग्य नाही. मात्र अपुरी आहे. सममितीमुळे पाहणाऱ्याची दृष्टी कोठे जाते आणि काय पाहावयाचे राहून जाते, हा प्रश्न तीत उपस्थितच होत नाही.

तळेगाव दाभाड्याहून लोहमार्गाने लोणावळ्याकडे जाताना मळवली स्थानक लागते. त्याच्या उत्तरेस कार्ले, दक्षिणेस भाजे. भाजे येथील चैत्यगृहाचे स्तंभ साधे, अष्टकोनी व किंचित आत कललेले आहेत. कार्ल्यातील ३७ स्तंभांची योजना मात्र दुहेरी आहे. दोन्ही बाजूंचे १५-१५ स्तंभ घटाकार तळखड्यांनी व हत्तींवर आरूढ झालेल्या युग्मांच्या शिल्पांनी अलंकृत आहेत. स्तूपामागील ७ स्तंभ साधे अष्टकोनी आहेत.

या योजनेचे मर्म आधुनिक मानसशास्त्राच्या साहाय्याने उकलते. सारख्या व जवळजवळच्या आकृती आपण सुट्या न पाहता समूहरूपाने पाहतो, हे माक्स वेर्थायमर यांनी १९२३ मध्ये मांडले. एग्ली, ड्रायव्हर व राफाल यांच्या १९९४ च्या प्रयोगात असे आढळले की, एखाद्या वस्तूच्या एका टोकाकडे अवधान वेधले गेले असता, तितक्याच अंतरावरील दुसऱ्या वस्तूपेक्षा त्याच वस्तूचे दुसरे टोक अधिक त्वरेने टिपले जाते. अवधान वस्तूच्या अंगाने पसरते. कार्ल्यात स्तंभांची रांग हीच जणू एक वस्तू होते. दृष्टी तिच्या कडेने सरकत स्तूपापाशी पोहोचते आणि मागील साधे स्तंभ तिला तेथून अन्यत्र ओढीत नाहीत.

पालि साहित्यात 'निमित्त' आणि 'अनुब्यंजन' असा भेद केलेला आहे. सामञ्ञफल सुत्तात तो इंद्रियसंवराच्या संदर्भात येतो, सौंदर्यविचाराच्या नव्हे. तथापि पाहण्याच्या क्रियेचे विश्लेषण म्हणून तो येथे उपयुक्त ठरतो. निमित्त म्हणजे वस्तूचे एकवट लक्षण, अनुब्यंजन म्हणजे तिचे तपशील. सममिती निमित्त तत्काळ हाती देते आणि त्यामुळेच अनुब्यंजने निसटतात.

कार्ल्यात निसटणारे हे तपशील क्षुल्लक नाहीत. अनेक स्तंभांवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत धेनुकाकट येथील यवन आहेत. प्रवेशद्वाराजवळील लेखात धेनुकाकटच्याच सामि नामक सुताराचा उल्लेख आहे. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीच्या लेखात हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम असल्याचे म्हटले आहे. तो लेख पुस्तकांतून वारंवार उल्लेखिला जातो. सुताराचे नाव मात्र त्या मानाने मागेच राहते.

रांगेत उभा असलेला यवनाचा स्तंभ इतरांहून वेगळा ओळखू येत नाही. सममितीने साधलेली ही समता मोलाची आहे. परंतु त्या समतेत दाते अनामिक होऊ नयेत. या वास्तूचे रसग्रहण पूर्ण व्हावयाचे, तर स्तूपापर्यंत गेलेली दृष्टी परतताना एकेका स्तंभापाशी थांबली पाहिजे.