मुद्राचित्राचा माग : फर्नेसे हर्क्युलिस आणि गोल्त्सियसने दाखवलेली पाठ



आमच्या महाविद्यालयाच्या ड्रॉइंग हॉलमध्ये फळ्याशेजारी एक जुनी फ्रेम आहे. तिच्यात एका धिप्पाड, नग्न पुरुषाची पाठ दिसते. खाली उजव्या कोपऱ्यात दोन माणसे मान वर करून त्याच्याकडे बघत आहेत. चित्राखाली नाव नाही, साल नाही. फ्रेम करणाऱ्याने खालची पट्टी कापून टाकली असावी. मी कित्येक वर्षे त्या फ्रेमशेजारी उभा राहून प्रोजेक्शन शिकवत आलो. एकदा पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, हा माणूस पाठमोरा का काढलाय?" मी म्हणालो, "रिअर व्ह्यू आहे असं समज." वर्ग हसला. तिचा प्रश्न मात्र तसाच राहिला. त्या प्रश्नाचा माग काढताना मी काय शिकलो आणि कुठे चुकलो, ते या टिपणात सांगतो.

१. एका चित्राची तीन साले

मोबाइलवर त्या फ्रेमचा फोटो काढून चित्रशोध केला, तर तेच चित्र शेकडो ठिकाणी सापडले. बहुतेक ठिकाणी खाली फक्त 'हर्क्युलिस' लिहिले होते. काही ठिकाणी 'रोमन पुतळा, तिसरे शतक', काही ठिकाणी '१५९२', तर काही ठिकाणी '१६१७'. अशा वेळी आपण काय करतो? जे साल जास्त वेळा दिसते ते उचलतो आणि असाइनमेंटमध्ये टाकतो. इथे तसे केले असते तर फसलो असतो. तिन्ही साले बरोबर होती. फक्त ती तीन वेगवेगळ्या गोष्टींची होती.

पहिली गोष्ट म्हणजे पुतळा. इसवी सनपूर्व चौथ्या शतकात लिसिपस या ग्रीक शिल्पकाराने थकलेल्या हर्क्युलिसची कांस्यमूर्ती घडवली, असे मानले जाते. ती आज नाही. तिच्यावरून पुढे अनेक प्रती झाल्या. त्यांतली सर्वांत प्रसिद्ध संगमरवरी प्रत इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीची आहे. ती रोममधल्या कॅराकॅलाच्या स्नानगृहांसाठी घडवली गेली. तिच्यावर 'अथेन्सच्या ग्लायकॉनने केली' अशी ग्रीक अक्षरे कोरलेली आहेत. उंची तीन मीटरहून जास्त. १५४६ च्या सुमारास ती उत्खननात सापडली आणि पोप तिसरा पॉल याच्या फर्नेसे घराण्याच्या वाड्यात उभी राहिली. म्हणून 'फर्नेसे हर्क्युलिस'. आज ती नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे कोरलेला पत्रा. हेंड्रिक गोल्त्सियस हा नेदरलंड्समधल्या हार्लेम शहरचा कोरीवकार. लहानपणी उजवा हात भाजल्यामुळे त्याची बोटे पूर्ण उघडत नसत. १५९०-९१ मध्ये तो इटलीला गेला, रोममधल्या प्राचीन पुतळ्यांची रेखाटने केली आणि परत येऊन सुमारे १५९२ मध्ये हे चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरले. त्याची ती रोममधली रेखाटने आजही हार्लेमच्या टेलर्स संग्रहालयात आहेत.

तिसरी गोष्ट म्हणजे छापून विक्रीला आलेला कागद. मुद्राचित्राखाली १६१७ हे साल आहे. गोल्त्सियस वारला तेच हे वर्ष. म्हणजे कोरणे आणि प्रकाशित होणे यांत सुमारे पंचवीस वर्षांचे अंतर आहे.

२. टायटल ब्लॉक कापू नका

तुमच्या ड्रॉइंग शीटवर उजवीकडे खाली टायटल ब्लॉक असतो. कोणी काढले, कोणी तपासले, तारीख, स्केल हे सगळे त्यात येते. तो नसेल तर शीट कितीही सुबक असली तरी वर्कशॉपमध्ये तिचा उपयोग नाही. जुन्या मुद्राचित्राची खालची पट्टी म्हणजे त्याचा टायटल ब्लॉकच. तिथे नावांपुढे लॅटिन शब्द येतात. 'इन्व्हेनित' म्हणजे मूळ कल्पना किंवा रेखाटन याचे. 'स्कल्प्सित' म्हणजे पत्र्यावर कोरले याने. 'एक्स्कुदित' म्हणजे छापून प्रकाशित केले याने. हे तीन शब्द ओळखता आले की तीन माणसांची कामे वेगळी करता येतात. आमच्या फ्रेमवाल्याने चित्र 'स्वच्छ' दिसावे म्हणून नेमकी हीच पट्टी उडवली, आणि आज इंटरनेटवर चित्र क्रॉप करणारा प्रत्येक जण तेच करत असतो.

म्हणून शोध संपवायचा तो संग्रहालयाच्या नोंदीपाशी. न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन संग्रहालय आणि ॲम्स्टरडॅमचे राइक्सम्युझियम या दोन्हींकडे या मुद्राचित्राच्या प्रती आहेत आणि त्यांची मोठी स्कॅन मोफत उतरवून घेता येतात. माप सुमारे ४२ × ३० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ आपला ए-३ कागद. तुम्ही नागपुरात शिकत असा, इंदूरला किंवा हैदराबादला, मूळ आकारात प्रिंट काढून समोर ठेवू शकता. मोबाइलच्या पडद्यावर जे दिसत नाही ते तेव्हा दिसते.

३. माझी चूक

आता माझी फजिती. पुतळ्याचा नेपल्समधला फोटो आणि मुद्राचित्र मी वर्गात शेजारी शेजारी दाखवले. पायांचे स्नायू मला जुळेनात. मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, "बघा, कोरीवकाराने पाय चुकवलेत. पोटऱ्या वाढवून काढल्यात." मुलांनी लिहूनही घेतले.

पुढच्या आठवड्यात पुतळ्याचा इतिहास नीट वाचला आणि घाम फुटला. पुतळा सापडला तेव्हा त्याला पाय नव्हते. गुलिएल्मो देल्ला पोर्ता या शिल्पकाराने नवे पाय करून बसवले. नंतर मूळ पाय सापडले, तरीही नवेच ठेवले गेले. तसा सल्ला मायकेलअँजेलोने दिला, असे सांगितले जाते. मूळ पाय पुतळ्याला जोडले गेले ते थेट १७८७ मध्ये, तो नेपल्सला नेला गेला तेव्हा. म्हणजे गोल्त्सियसने रोममध्ये जो हर्क्युलिस पाहिला, तो देल्ला पोर्ताच्या पायांवर उभा होता. मी ज्या दगडाशी तुलना केली, तो दगड त्याने पुतळ्याला जोडलेला पाहिलाच नव्हता!

गोल्त्सियसने अतिशयोक्ती केली नाही, असे मी म्हणत नाही. स्नायूंच्या गाठी फुगवून दाखवण्याची आवड त्याला होतीच. पण ती पायांत किती आहे, हे आजच्या पुतळ्यावरून मोजता येत नाही. त्यासाठी देल्ला पोर्ताचे पाय बघावे लागतील, आणि तेही नेपल्सच्या त्याच संग्रहालयात जपलेले आहेत. तुम्ही प्रयोगशाळेत रीडिंग घेताना उपकरण कोणत्या स्थितीत होते ते लिहिता ना? तसेच कोणत्याही नकलेला चूक ठरवण्यापूर्वी मूळ वस्तू तेव्हा कोणत्या स्थितीत होती, ते विचारायचे. वर्गात जाऊन मी माझे वाक्य मागे घेतले. मुलांच्या वहीत मात्र दोन्ही वाक्ये राहू दिली.

४. पाठमोरा का?

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे येऊ. पुतळा पुढून पाहिला तर दिसतो काखेखाली गदा टेकवून, मान खाली घालून उभा असलेला एक थकलेला बलवान पुरुष. तो का थकला, ते पुढून कळत नाही, कारण उजवा हात पाठीमागे आहे. मागे गेल्यावर त्या हातात सफरचंदे दिसतात. ही हेस्पेरिडिसच्या बागेतली सोनेरी सफरचंदे. ती मिळवणे ही त्याच्या बारा कामगिऱ्यांतली अगदी अखेरची एक. म्हणजे पुढून दिसतो तो थकवा आणि मागून कळते ते त्याचे कारण. पाहणाऱ्याने चालत फेरी मारावी, अशी या शिल्पाची रचनाच आहे.

कागदाभोवती फेरी मारता येत नाही. याकोब बॉसने १५६२ मध्ये हाच पुतळा पुढून कोरला. ते चित्र उपयोगी आहे आणि पुतळा ओळखायला पुरेसे आहे. पण त्यात सफरचंदे नाहीत, आणि सफरचंदे नाहीत तर गोष्ट अर्धी राहते. गोल्त्सियसने उलटे केले. तुम्हाला त्याने पाठीमागे उभे केले आणि ती दोन माणसे पलीकडे, पुतळ्याच्या समोर ठेवली. सफरचंदे आपल्याला दिसतात, त्यांना नाही. हर्क्युलिसचा चेहरा त्यांना दिसतो, आपल्याला नाही. त्यांच्या वर वळलेल्या चेहऱ्यांवरून समोरच्या बाजूचा अंदाज आपण बांधतो. एका कागदावर पूर्ण फेरी झाली! शिवाय ती माणसे कोपऱ्यात इतकी लहान आहेत की पुतळ्याचे स्केलही वेगळे लिहावे लागत नाही.

रेषांकडेही बघा. तांब्यावर कोरणी जितकी खोल जाते तितकी रेषा छपाईत जाड उमटते. गोल्त्सियसची रेषा बारीक सुरू होते, मध्ये फुगते आणि पुन्हा बारीक होते. या रेषा पाठीच्या उंचवट्यांना वळसे घालत जातात, नकाशातल्या समोच्च रेषांसारख्या. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. पत्र्यावर जे डावे ते कागदावर उजवे येते. तरीही छापलेल्या चित्रात सफरचंदे पुतळ्याप्रमाणे उजव्याच हातात आहेत. म्हणजे त्याने हे सगळे पत्र्यावर उलटे कोरले.

चित्रात दोष नाही का? आहे. फर्नेसे वाड्याचे अंगण, भिंती, कमानी सगळे काढून त्याने मागे आकाश ठेवले. जोडलेल्या पायांचा सांधा कुठे, तेही चित्र सांगत नाही. पुतळ्याच्या प्रकृतीचा अहवाल म्हणून पाहिले तर हे काम अपुरे आहे. पण पुतळा कसा पाहावा याचा धडा म्हणून, मला माहीत असलेल्या या पुतळ्याच्या चित्रांत मी यालाच पहिला क्रमांक देईन.

म्हणून माझे 'रिअर व्ह्यू' हे उत्तर चुकीचे होते. रिअर व्ह्यू आपण काढतो तो बाकीच्या व्ह्यूंसोबत, माहिती पूर्ण करण्यासाठी. गोल्त्सियसने एकच व्ह्यू निवडला आणि त्या निवडीतच पुतळ्याचा अर्थ सांगितला.

स्वाध्याय

तुमच्या महाविद्यालयात, ग्रंथालयात किंवा घरी भिंतीवर असलेले नाव नसलेले एक छापील चित्र निवडा आणि पाच ओळींत लिहा : मूळ वस्तू कोणती आणि कधीची, चित्र कोणी केले, ते छापले कधी, तेव्हा मूळ वस्तू कोणत्या स्थितीत होती, आणि चित्रकाराने तुम्हाला कुठे उभे केले आहे. पाचवी ओळ सर्वांत शेवटी लिहा. पहिल्या चार ओळी नीट जमल्या तरच ती खरी ठरेल.

आमच्या ड्रॉइंग हॉलमधल्या फ्रेमखाली आता एक पांढरी पट्टी चिकटवली आहे. प्रश्न विचारणाऱ्या त्या विद्यार्थिनीनेच ती लेटरिंग करून दिली. तिच्यावर तिन्ही साले आहेत.